खेळण्यांची खंडेनवमी

घट बसले की माझ्या दारात पिशव्या यायला लागतात. बेल वाजते, मी हात पुसत दार उघडेपर्यंत माणूस अर्धा जिना उतरलेला असतो आणि खालून आवाज येतो, “काकू, साफसफाई काढलीय. तुमच्या मुलांना खेळायला होतील!” पिशवीत हात नसलेली बाहुली असते, तीन चाकांवर तग धरून असलेला डंपर असतो, एक तुकडा हरवलेलं कोडं असतं. एका वर्षी एका घरातून अस्वलाचं नुसतं डोकं आलं होतं. धड पुढच्या वर्षी आलं, तेही दुसऱ्याच घरातून, आणि दुसऱ्याच अस्वलाचं.

दिवाळीची साफसफाई आणि पाळणाघर यांची सोयरीक कुणी जमवून दिली, मला माहीत नाही. भंगारवाला असल्या प्लास्टिकला हात लावत नाही. कचऱ्यात टाकायला आईबापांचा जीव धजत नाही, कारण याच डंपरला धरून म्हणे “आमचा सोनू” पहिल्यांदा उभा राहिला होता. मग उरते कोण, तर नालासोपाऱ्याच्या आचोळ्यात पहिल्या मजल्यावर पाळणाघर चालवणारी बाई. सोनू आता कॉलेजात जातो. डंपर मात्र माझ्याकडे राहायला येतो.

परवा सकाळीही दोन पिशव्या आल्या. ऑक्टोबरची ती ओळखीची काहिली, पंखा गरम हवाच ढवळत होता, खाली कोपऱ्यावर बसलेल्या फूलवाल्याच्या ढिगातून झेंडूचा उग्र वास वर येत होता. मी लादीवर फतकल मारली आणि पिशवीत हात घातला. हे ठेवावं की माळ्यावर टाकावं? इतकी वर्षं हे काम करतेय, हात एव्हाना सराईत व्हायला हवा होता. पण दरवर्षी याच दिवसांत ओवीची आठवण येते आणि जे थोडंफार कळल्यासारखं वाटत असतं, त्याचाही गुंता होतो.

ओवी काही वर्षांपूर्वी गणपतीनंतर आली. अडीच वर्षांची, कपाळावर बटा, डोळे मोठे. तिची आई रूपाली अंधेरीला एका ऑफिसात लागली होती. रूपाली रत्नागिरीकडची, लग्न होऊन नालासोपाऱ्यात आलेली, घरात मदतीला कुणी नाही. ही नोकरी म्हणजे तिची स्वतःची अशी पहिली गोष्ट, असं ती एकदा मला म्हणाली होती. “काकू, तिथे मला रूपाली मॅडम म्हणतात,” हे सांगताना ती लाजली होती.

ओवी माझ्याकडे यायची आणि दारामागच्या चपलांच्या रॅकपाशी उभी राहायची. बसायची नाही, खेळायची नाही, हात धरला तर हात काढून घ्यायची. सकाळी रडायची, मग रडून दमायची, मग नुसती उभी. दारात नजर लावलेली आणि पाठ सगळ्या खेळण्यांकडे. जेवायची ती तिथेच, उभ्या उभ्या, दोन घास.

मी माझ्या परीने सगळं केलं. टोपली उलटी केली तिच्यासमोर. ब्लॉक्स, किचन सेट, पिपाणी, दाबलं की शिट्टी मारणारं बदक, सगळं. रिमोटची गाडी तिच्या पायापर्यंत नेली. ती आणखी मागे सरकली, रॅकला चिकटली. मी जितकं ओतत गेले तितकी ती आक्रसत गेली. तिकडे रूपालीचंही तेच चाललेलं. दर सोमवारी ती काहीतरी नवं घेऊन यायची, बोलणारी बाहुली काय, दिवे लागणारा ड्रम काय, आणि ओवीच्या हातात देऊन म्हणायची, “बघ, आईने काय आणलं! आता नाही ना रडायचं?” ओवी ते घ्यायची, रॅकवर चपलांच्या शेजारी नीट ठेवून द्यायची आणि रडायची.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती तेव्हा. दिवाणाखाली खेळणी, खिडकीच्या कट्ट्यावर खेळणी, स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे एक जिराफ. दुपारी मुलं झोपली की एखादं सेल संपत आलेलं खेळणं आपोआप गाणं म्हणायला लागायचं, चिरक्या आवाजात, कुठल्या तरी अगम्य भाषेत, आणि सगळा वर्ग उठून बसायचा. अनवाणी पायाखाली ब्लॉक आला की मला सगळे देव एकदम आठवायचे. आणि एवढं सगळं असून सगळी मुलं भांडायची ती एकाच डंपरसाठी. तो तीन चाकांचा.

सल्ला द्यायला माणसांची कमी नसते. मोबाइलवर एक शांत आवाजाची बाई सांगायची की खेळणी कमी करा, अर्धी आत ठेवा, आठवड्याने बदला, मुलांना गोंधळवू नका. मला पटायचं. दुपारी शेजारीण यायची, म्हणायची, “अहो, बिचारी दिवसभर आईवेगळी राहतात, खेळणी तरी भरपूर असू देत.” मला तेही पटायचं. हेच माझं मोठं दुखणं आहे, मला समोरच्याचं पटतं. आमचे हे वसई पूर्वेला एका गाळ्यात लेथ मशीनवर काम करतात. ते एकदा संध्याकाळी दारातच थबकले, जमिनीवरचा पसारा बघितला आणि म्हणाले, “तुझ्या गाळ्यात माल फार झालाय. मशीन कुठेय तेच दिसत नाही.” मशीन म्हणजे मी का मुलं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मग नवरात्रात एका सकाळी रूपाली ओवीला सोडायला आली. आपल्या सँडलचा पट्टा लावता लावता, माझ्याकडे न बघता बोलली, “काकू, मी दिवाळीपर्यंत बघते. नाही रमली तर सोडते नोकरी. पोरीचे हाल करून मला काही नको.” आवाज अगदी साधा होता, उद्या भाजी कुठली आणू असा. पण पट्टा तिला लागत नव्हता. दोनदा निसटला. मला त्या पोरीचं वाईट वाटलं, आणि पोरीच्या आईचंही. दोघींचं एकाच वेळी भलं व्हावं असं काही माझ्या घरात आहे का, तेच मी शोधत होते.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. ह्यांच्या गाळ्यात खंडेनवमीचं फार अप्रूप. आदल्या दिवशी मशीन पुसून, तेल देऊन लखलखीत करायची, पाने, हातोड्या, पट्ट्या मांडायच्या, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू, नारळ. मग दसऱ्यापर्यंत मशीनला विश्रांती. त्या सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते माझ्यासमोर उभे राहिले. “आणि तुझी हत्यारं?”

“माझी कसली हत्यारं? लाटणं आणि झारा.”

“ती घरची झाली. धंद्याची कोणती? ही सगळी.” आणि त्यांनी खेळण्यांकडे हात केला.

मला हसूच आलं, पण म्हटलं करू या. आम्ही दोघांनी मिळून दिवाणावर चादर अंथरली आणि एकूण एक खेळणं गोळा करून मांडलं. पिठामागचा जिराफसुद्धा. मी ओल्या फडक्याने पुसून देत होते, हे मोटारीचे सुटे भाग मांडावेत तसे ओळीत लावत होते. अस्वलाच्या कपाळाला कुंकू, डंपरच्या टपावर झेंडू, रिमोटला हळद. बाहुलीला कुंकू लावताना ह्यांनी पदर सारखा केल्यासारखा तिचा फ्रॉक सारखा केला. उदबत्ती लावली, साखर ठेवली. आणि निघताना चपला घालत म्हणाले, “आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही कुणी.”

“अहो, मुलं येतील ना आत्ता! शाळांना सुट्टी, ऑफिसांना नाही. ती काय करतील?”

“आमच्याकडे पण माणसं येतात की. प्रसाद खातात, गप्पा मारतात, घरी जातात.” आणि ते गेले.

मुलं आली. त्यांनी ते दृश्य बघितलं आणि सगळी दिवाणासमोर हात जोडून उभी राहिली. सुट्टीमुळे दिवसभरासाठी आलेली स्वरा, पहिलीतली, आपणहून पहारेकरी झाली. “कोणी टच नाही करायचं. देवीने बघितलं ना, तर मग बघा.” काय बघा ते तिलाही माहीत नसावं. थोडा वेळ सगळं छान चाललं. मग चार वर्षांच्या रेयांशने डंपरसाठी भोकाड पसरलं, त्याचं बघून आणखी दोघांनी. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, टीव्हीचा पर्यायही गेला. मी सगळ्यांना सुकेळ्याचे, म्हणजे वाळवलेल्या केळ्याचे, तुकडे दिले, ते संपले. गाणी म्हटली, तीही संपली. मग मला काही सुचेना, म्हणून मी स्वयंपाकघरात स्टुलावर नुसती बसले. घामाने पदर ओला झाला होता आणि डोकं बंद पडलं होतं.

तेव्हा ओवी रॅकपासून हलली. खिळ्याला माझी बाजाराची कापडी पिशवी होती, तिने ती ओढून काढली, खांद्याला लावली. माझ्या घरातल्या स्लिपरांत पाय घातले. कुणाकडे न बघता म्हणाली, “येते हं.” आणि फटक फटक करत स्वयंपाकघरापर्यंत आली. माझ्यासमोर उभी राहिली थोडी. मग वळली, दारापर्यंत गेली आणि म्हणाली, “आले.”

पुन्हा तेच. येते हं. आले. येते हं. आले. मी स्टुलावरून हलले नाही, कारण तिचा आवाज मी रडण्याबाहेर त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते. रेयांश रडायचा थांबला. “मला पण जायचंय ऑफिसला,” तो म्हणाला. त्याने आपली डब्याची पिशवी घेतली. बाकीच्यांनी उशांचे अभ्रे काढले, नॅपकिन गुंडाळले. स्वराने पहारा सोडला आणि ती थेट मॅनेजर झाली. माझं स्वयंपाकघर हे ऑफिस ठरलं, मी साहेब.

“काय काम केलंत आज, मॅडम?” मी ओवीला विचारलं.

तिने विचार केला. “रडले.”

“आणि मग?”

“मग घरी आले.” आणि ती घरी गेली, दारापर्यंत.

लाइट आली तरी कुणाचं लक्ष नव्हतं. दिवाणावर सगळी खेळणी झेंडू डोक्यावर घेऊन बसून होती आणि त्यांच्यासमोरून मुलं दिवसभर कामावर जात-येत होती. ओवी बसून जेवली. मी मनातल्या मनात ह्यांना, देवीला, विजेच्या खात्याला, सगळ्यांना हात जोडले.

संध्याकाळी रूपाली आली. तिला बघितल्याबरोबर ओवीने ओठ काढले आणि हंबरडा फोडला. रोजच्यासारखा, किंबहुना जोरातच. मी म्हणत होते, “अगं, आज इतकी छान खेळली, खरंच! जेवली बसून, ऑफिस ऑफिस खेळली.” रूपालीने तिला उचललं, तिचं नाक पुसलं आणि दमलेलं हसली. “काकू, तुम्ही चांगल्या आहात म्हणून तसं सांगता.” पाळणाघरवाली दुसरं काय सांगणार? आमच्या धंद्यातलं हे ठरलेलं वाक्य, आणि ते ऐकून विश्वास न ठेवणं हे आयांचं ठरलेलं काम. व्हिडिओ काढून ठेवायला हवा होता, हे मला ती जिना उतरून गेल्यावर सुचलं.

दसऱ्यानंतर मी ठरवलं. पूजेतली बरीचशी खेळणी खाली उतरवलीच नाहीत, थेट माळ्यावर चढवली. एक टोपली ठेवली फक्त: ब्लॉक्स, किचन सेट, एक बाहुली, काही वाट्या, रिकाम्या पिशव्या. लादी दिसायला लागली, घर मोठं झाल्यासारखं वाटलं. मोबाइलवरच्या त्या बाईला मी मनात शाबासकी दिली. ओवी रोज ऑफिसला जायची, मी व्हिडिओसाठी मोबाइल धरला की मात्र परत रॅकपाशी जाऊन उभी राहायची. पण रेयांश अस्वलाशिवाय दुपारी झोपेना. त्याची आई म्हणाली, “काकू, टेडी माळ्यावर का? त्याला सवय आहे ना.” अस्वल खाली आलं. अस्वल आलं म्हणून दुसऱ्याचा हत्ती आला. स्वराने मी लपवलेलं कोडं हुडकलं आणि ते अर्धवट आहे हे माहीत असूनही ती रोज जुळवत बसायची. टोपलीतल्या एका बाहुलीसाठी पूर्वी कधी झाली नाही अशी मारामारी झाली, चावण्यापर्यंत. दिवाळी तोंडावर येईस्तोवर निम्मा माळा खाली उतरला होता. आणि ओवी त्या पसाऱ्यातूनही खुशाल वाट काढत ऑफिसला जातच होती.

मग मी काय समजायचं? खेळणी नव्हती म्हणून ती हलली? का लाइट गेली म्हणून? का मी तिला रमवायचा नाद सोडून एकदाची गप्प बसले म्हणून? की तिची रमायची वेळच झाली होती, आणि खेळण्यांना त्याचं श्रेय उगाच? मला अजूनही नीट सांगता येत नाही. लोक सांगतात, आमच्या लहानपणी कुठे होती खेळणी, तरी किती मजा यायची. मी वसईतल्या होळी गावची. वाडीत भाजीच्या वाफ्यांत वाढले, पाटाच्या पाण्यात केळीच्या सोपटाची होडी सोडली, सगळं केलं. पण खरं सांगू? माझ्या मावसबहिणीकडे काचेच्या कपाटात एक निळ्या डोळ्यांची बाहुली होती, प्लास्टिकचं वेष्टणही न काढलेली. ती मला मिळावी म्हणून मी कितीतरी वर्षं झुरले. होडी सोडतानाही मनात तीच असायची. कमी असण्यात सुख असतं, हे ज्यांना पुरेसं मिळालं त्यांनाच सुचतं, असं मला वाटतं. आणि तरीही मी दर ऑक्टोबरात खेळणी माळ्यावर चढवते. आहे की नाही गंमत?

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रूपाली भरदुपारी आली. हातात मिठाईचा खोका, चेहरा मोकळा झालेला. “काकू, दिला राजीनामा. रोज संध्याकाळी हिचं ते रडणं… नाही बघवत.” मी तोंड उघडून काही बोलायच्या आत ती आत शिरली आणि गुडघ्यांवर बसून तिने हात पसरले. “ओवी, आता आई घरीच राहणार! रोज!”

ओवी पिशवी खांद्याला लावून स्वयंपाकघरातून परतत होती. ती थांबली. रडली नाही. कपाळाला आठ्या घालून तिने आईकडे बघितलं. “तू का आलीस? तुझं ऑफिस सुटलं नाही.”

“सुटलं बाळा. कायमचं सुटलं.”

“नाही. तू जा. मी खेळतेय.”

रूपाली हसली. मग हसता हसता तिथेच, लादीवर, पसाऱ्यात बसली. मी तिला पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं. तेव्हा तिने बघितलं, ओवी जाते कशी, येते कशी, रेयांशला दटावते कशी. संध्याकाळचं ते रडणं म्हणजे दिवसभराचं दुःख नव्हे, आईला बघून फुटलेला बांध आहे, हे तिला तेव्हा कळलं असावं. मला मात्र तेही खात्रीने सांगता येणार नाही. तिने ऑफिसात फोन करून बघितला. कंत्राटावरची नोकरी, तिच्या जागी दुसरी मुलगी घेतलेलीसुद्धा होती.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर मी पाळणाघर उघडलं तर पहिल्याच सकाळी दोघी दारात. “ऐकतच नाही काकू. मला काकूंकडे सोड आणि तू ऑफिसला जा, म्हणते. मला ऑफिसचा ड्रेस घालायला लावला, पर्स घ्यायला लावली.” ओवीने आईला निरखून बघितलं, सगळं जागच्या जागी आहे याची खात्री करून घेतली आणि आत गेली. रूपाली जिना उतरली. मी थोड्या वेळाने कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आले तर ती मधल्या वळणावर पायरीवर बसलेली. इस्त्रीचा ड्रेस, मांडीवर पर्स. “घरी जाववत नाही हो,” म्हणाली. “एकटीने काय करू तिथे?”

मग तसंच सुरू झालं. ती रोज सकाळी यायची, ओवीला सोडायची, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत जिन्यात बसायची. मी चहा द्यायचे. दिवाळीनंतरही काही उशिराच्या पिशव्या आल्याच होत्या. एके दिवशी मी दार अर्धं लोटून उंबऱ्यात बसले, एक डोळा आत मुलांवर ठेवून, आणि ती पायरीवर, आतून दिसणार नाही अशी दाराआड. आम्ही दोघी पिशव्या निवडायला लागलो. ती एकेक खेळणं वर धरायची, “हे ठेवायचं की काढायचं?” आणि मी हो म्हणायचे, मग नाही म्हणायचे. एक छोटा डमरू निघाला, अगदी धड. तो तिने हातात घेतला.

“काकू, मी घाई केली का?”

“मला नाही गं कळत,” मी म्हटलं. यापेक्षा खरं उत्तर माझ्याजवळ नव्हतं आणि यापेक्षा कमी उपयोगाचंही.

आत नव्याने आलेलं एक बाळ सकाळपासून रडत होतं. मी उठणार, तेवढ्यात ओवीचा आवाज आला, मोठ्या माणसासारखा, समजुतीचा. “रडू नको. माझी आई पण गेलीय ऑफिसला. लांब आहे ना, म्हणून वेळ लागतो.”

रूपालीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने दुसरा हात डमरूच्या दोऱ्यांवर ठेवला, त्यांचे मणी बोटांत घट्ट धरले आणि जराही आवाज होऊ न देता तो पिशवीत ठेवला.